दहा नंबरचा पाना

रागिणी सुट्टीवर तेल्हाऱ्याला घरी आली, त्याला तीन दिवस झाले होते. सकाळी अंगणात ऊन आलं तसं वच्छलाबाईंनी लेकीच्या बॅगेतलं जाडजूड जाकीट वाळत घालायला काढलं. सवयीनं खिसे चाचपले, तर छातीजवळच्या आतल्या कप्प्यातून दहा नंबरचा पाना निघाला.

"हे काय वं? एवढं लोखंड कपड्यात बांधून आणलं लडाखातून?"

रागिणीनं पाना हातात घेतला. दांड्यावर कोरलेलं होतं, चार-सतरा. म्हणजे चौथ्या पेटीतला सतरावा. कपातला चहा तसाच राहिला.

लडाखात एका खासगी कंपनीच्या हेलिकॉप्टरची देखभाल करायचं काम तिचं. बर्फानं वाट बंद झालेल्या गावांतून आजारी माणसं त्या हेलिकॉप्टरनं आणत. पहाटे पारा उणे सव्वीसवर असायचा. आधी तासभर जाड कापडी नळीतून इंजिनावर गरम हवा सोडायची, रात्रभर खोलीत ऊबेला ठेवलेली बॅटरी आणून बसवायची, मग कामाला हात घालायचा. तोही दहा मिनिटं; लगेच शेडमध्ये शेगडीपाशी पळायचं. उघड्या बोटाला पाना लागला तर कातडी चिकटून निघायची. म्हणून वापरायचा पाना जाकिटाच्या आत, छातीशी धरून ऊबेला ठेवायचा.

काम संपलं की पेटीतले सगळे पाने मोजायचे. एकही कमी असेल तर हेलिकॉप्टर हलवायचं नाही. कारण तो इंजिनात राहिलेला असू शकतो.

मग हा इथं कसा?

ती निघायच्या दिवसाची सकाळ आठवू लागली. तेलाच्या नळीचा पट्टा, त्याचे चार बोल्ट. तीन आवळलेले तिला लख्ख आठवत होते. चौथा? चौथ्याच्या वेळी बोटं बधिर झाली होती. पाना छातीशी ठेवून ती शेडकडे पळाली होती. परत येऊन बोल्ट आवळला, की परत आलीच नाही? आठवणीत तिथं नुसतं पांढरं धुकं होतं.

तिनं उजैरला फोन लावला. उजैर अंजनगाव सुर्जीचा, तिच्याच पाळीत. तिकडे वऱ्हाडी बोलायला हे दोघंच, म्हणून जीव लागलेला.

"उजैर, चार-सतरा माह्यापाशी हाय."

उजैर म्हणाला, "असू दे. ठेव कपाटात."

"असू दे काय? मोजणीत कमी नाही आला काय?"

"मोजणी पुरी हाय."

"कशी पुरी?"

"माह्या सोताच्या पेटीत दहाचा होता, तो ठेवला. तुह्यी गाडी निघून राहिली होती रागिणी. कमी सांगतला असता तर तुले उतरवलं असतं. दीड वर्षानं सुट्टी भेटली होती तुले."

"आन चौथा बोल्ट? तो कोणं आवळला?"

"तू आवळला ना?"

"मले आठवून नाही राहिलं."

"चार-पाच दिवस उडून राहिलं हेलिकॉप्टर. काही झालं काय? मंग कायले डोकं लावते? बोलली तर दोघंबी जाऊ." त्यानं फोन ठेवला.

ज्यानं तिच्यासाठी खोटं केलं, त्यालाच तिनं पकडून द्यायचं? आणि बोल्ट आवळलेला असेल तर? ती मागच्या दारी गेली. वडील देवराव उन्हात बसून तूर निवडत होते. कापसाच्या जिनिंग कारखान्यात तीस वर्षं फिटर असलेला माणूस. तिनं सगळं सांगितलं.

"बाबा, तुमी काय केलं असतं?"

देवरावांनी पाना हातात घेऊन वजन बघितलं. "मले नाही सांगता येत पोरी. आमचं मशीन जमिनीवर रायते."

रागिणीनं घड्याळ बघितलं. दुपारची फेरी दीड वाजता निघायची. अकरा वाजले होते. तिनं मुख्य अभियंत्याला, नेगी सरांना, फोन लावला. पाना, मोजणी, बोल्ट, सगळं सांगितलं. उजैरचं नावही सांगितलं.

हेलिकॉप्टर थांबलं. साडेबाराला सरांचा फोन आला. झाकण उघडून बघितलं होतं. चारही बोल्ट पक्के होते. दोघांनाही चौकशी होईस्तोवर कामावरून बाजूला ठेवलं होतं, आणि दोघांनीही लेखी जबाब पाठवायचा होता.

पक्के! तिला हायसं वाटलं, आणि लगेच मनात आलं, म्हणजे उगीचच बोललो की काय आपण?

उजैर फोन उचलेना. पाचव्या दिवशी तो अंजनगावला आल्याचं कळलं, तशी ती एसटीत बसली. दार त्याच्या बहिणीनं, तहरीमनं, उघडलं. उजैर आतल्या खोलीत हाताला मलम चोळत होता. थंडीनं त्याच्या दोन बोटांची टोकं काळी पडली होती.

"कायले आली?"

"इचारायले. तो बोल्ट तू आवळला काय?"

त्यानं मान वर केली. राग होताच डोळ्यांत, पण त्याच्याआड दुसरंच काही होतं.

"चार दिवस तेच आठवून राहिलो. तू शेडकडे गेली, मी इंजिनापाशी आलो. हातात पाना होता माह्या? नव्हता? डबल हातमोजे होते, हातात काय हाय तेबी कळत नव्हतं. कवा वाटते आवळला, कवा वाटते नाही."

"मले बी तसंच."

"मंग पक्का कसा निघाला?"

तहरीमनं चहा आणून ठेवला आणि गेली. उजैर म्हणाला, "मी मोजणीत खोटं केलं, हे मी लिहीन. तू बोलली, तुह्या जागी मी असतो तर बोललो असतो काय, हे मले नाही समजत."

राग गेला नव्हता. पण चहाचा एक कप त्यानं तिच्याकडे सरकवला.

त्या संध्याकाळी घरी परतल्यावर रागिणी जबाब लिहायला बसली. चौथा बोल्ट कोणी आवळला, या ओळीशी ती बराच वेळ थांबली. नेगी सरांना तिथं नाव हवं असणार. तिनं स्वतःचं लिहिलं, खोडलं. उजैरचं लिहावंसं वाटलं, तेही नाही लिहिलं. शेवटी स्वच्छ अक्षरात तिनं लिहिलं: मला माहीत नाही. थंडीत काम करताना आम्हाला आमचेच हात कळत नव्हते.