अविश्वासाची खुर्ची

डब्यांच्या पोळ्या उरकल्यावर एस्तेरबाईंनी हात धुतले आणि मुलीला कुशीवर वळवलं. सुवार्ता आता पंचवीस वर्षांची होती. कमरेखालचं अंग तिला कळत नसे. आई अंग बघायला लागली की ती खिडकीकडे बघत राही. खिडकीबाहेरच्या ओट्यावर गल्लीतली पोरं तिच्याकडे शिकायला पाट्या घेऊन बसली होती. त्यांच्या आया क्लासवाल्या मुलांच्या मेसमध्ये भांडी घासायला गेल्या होत्या.

"बाई, ह्यानं माझं बघून 'ळ' काढला!"

"काढू दे," सुवार्ता आतूनच म्हणाली. "तुझ्या 'ळ'चं पोट वाकडं, म्हणून त्याच्याबी 'ळ'चं वाकडं. आता न बघता काढा दोघं."

"कमरेची जखम वाढली," एस्तेरबाई हळूच म्हणाल्या.

"दुखत नाही."

"न दुखणंच वाईट हाय, दीदी." पाण्याची बादली घेऊन आलेली इकरा दारातच थांबली होती. मुखेडची ही मुलगी डॉक्टरकीच्या परीक्षेच्या तयारीला लातुरात आली होती आणि यांच्याच माडीवर भाड्यानं राहत होती. "एका जागी पडून पडून होतं हे. दवाखान्यात दाखवा. अन् बसायला पाहिजे तुम्ही. मौसी, जिन्याखाली खुर्ची हाय ना?"

एस्तेरबाईंनी लेकीच्या अंगावर चादर ओढली.

भूकंपाच्या पहाटे औसा तालुक्यातल्या त्यांच्या गावात घराचं माळवद खाली आलं, तेव्हा सुवार्ता सहावीत होती. अमृतरावांनी हातांनी दगडमाती उपसून लेकीला बाहेर काढलं. जीव वाचला, मणका वाचला नाही. पुढे कुटुंब लातूरला आलं. अमृतराव क्लासच्या एका वसतिगृहावर वॉचमन झाले, एस्तेरबाई मुलांचे डबे करू लागल्या. एका शिबिरात सुवार्ताला चाकाची खुर्ची मिळाली. तिच्यात बसून ती एक दुपारभर गल्लीत हिंडली, कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः मीठ घेऊन आली.

त्याच संध्याकाळी त्यांच्या ख्रिस्ती मंडळीचे पास्तर भुजंगराव आले. माणूस खोटा नव्हता. त्यांचं स्वतःचं जुनं दुखणं प्रार्थनेत बरं झालं होतं. भर पावसात स्कूटर ढकलत ते आजाऱ्यांच्या घरी जात. ते मायेनंच म्हणाले, "अमृतराव, ज्या लेकराला चालायचं हाय, त्याला चाकं कशाला? खुर्चीत बसवणं म्हणजे देवाला सांगणं, तुझ्याच्यानं व्हत न्हाई. हा अविश्वास हाय."

अमृतरावांनी खुर्ची घडी करून जिन्याखाली टाकली आणि वर ताडपत्री बांधली.

मग आजाऱ्यांना बरं करण्याच्या प्रार्थनासभा सुरू झाल्या. उदगीर, नायगाव, रेणापूर. प्रत्येक सभेत दोन माणसं सुवार्ताला बगलेत धरून उचलत. ती उभी राहत नसे. परतीच्या जीपमध्ये कुणीतरी म्हणे, "घरात कुणाची तरी खोट हाय." ती खोट आईत सापडली. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना त्यांनी लेकीच्या दंडाला दर्ग्याचा गंडा बांधला होता. हे पाप त्या दर सभेत रडून कबूल करत. लोक दर वेळी क्षमा करत आणि पुढच्या वेळी पुन्हा ऐकायला मागत.

आजाऱ्याला आशा द्यावी, त्याच्यासाठी गुडघे टेकावेत, यात वावगं काही नाही. पण तो बरा झाला नाही तर त्याचा दोष त्याच्याच घरावर ठेवायचा, ही रीत आपण सगळ्यांनीच चालू ठेवली आहे. कुठे मंडळीत, कुठे मठात, कुठे दर्ग्यावर.

कमरेची जखम वाढलेली दिसली त्याच आठवड्यात बालवाडी चालवणाऱ्या गोदावरीबाई येऊन गेल्या होत्या. बालवाडी दोन गल्ल्या पलीकडे होती. "माझी शिक्षिका सोडून चालली," त्या म्हणाल्या. "तू बसूनच शिकव, मला चालेल. पण सोमवारी सकाळी यायला पाहिजे. नाहीतर मला दुसरी बघावी लागेल."

सुवार्तानं जेवताना वडिलांना विचारलं, "पप्पा, खुर्ची काढून देता का?"

"रविवारी सभा हाय. पास्तर तुझ्यासाठी उपास करून राहिलेत. आत्ता खुर्ची काढली तर देवाला काय तोंड दावू?"

"आणि सभेनंतर?"

"सभेनंतर लागायचीच न्हाई." हे ते मनापासून बोलले. प्रत्येक सभेआधी ते मनापासूनच बोलत.

रविवारी मंडप भरला. ढोलकी, पेटी, टाळ्या. भुजंगरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ऊठ!" ते म्हणाले. दोघांनी तिला उचललं. मागच्या रांगांतल्या लोकांना ती उभी दिसली. हालेलुयाचा गजर झाला.

भुजंगरावांनी माईक पुढे धरला आणि कानात सांगितलं, "बोल पोरी, बळ आलं म्हण. म्हटल्यावर येतं."

सुवार्तानं वडिलांकडे पाहिलं. ते दोन्ही तळवे उघडे धरून बसले होते. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही. आपले पाय सतरंजीवर उलटे घासले जात आहेत, एवढंच तिला खाली दिसत होतं.

"बळ आलं नाही," ती माईकवर म्हणाली. "मला खाली ठेवा. पाय सोलून निघतायत."

पेटी थांबली. ढोलकी जरा उशिरा थांबली.

"कबुली द्या! माय कुठं हाय हिची?" कुणीतरी ओरडलं.

एस्तेरबाई उठल्या. त्या पुन्हा गंड्याचं सांगणार म्हणून लोक थांबले. त्यांनी खाली चादर पसरली. "ठेवा तिला. हळू."

"कबुली, बाई," भुजंगराव म्हणाले.

"देऊन झाली, भाऊ. येशूनं माफ केलेलं तुम्ही किती येळा मागनार?"

भुजंगरावांनी माईक खाली घेतला. सुवार्ता चादरीवर पडल्या पडल्या म्हणाली, "तुम्ही प्रार्थना करा, पास्तर. मीबी करते. पण उद्या मला कामावर जायचंय."

परत येताना रिक्षात एस्तेरबाईंनी लेकीच्या सोललेल्या पायांना फडकं बांधलं.

सोमवारी सकाळी अमृतरावांनी ताडपत्री सोडली. टायर वाळून कडक झाले होते, पण चाकं फिरत होती. इकरानं आपली उशी बसायला आणून दिली. "क्लास बुडतोय तुझा," एस्तेरबाई म्हणाल्या. "बुडू द्या मौसी, सर रोज तेच सांगून राहिलेत," ती म्हणाली आणि चप्पल सरकवून पळाली.

अमृतराव खुर्ची ढकलत निघाले. मंडळीतल्या दोन बाया नळावर होत्या. त्यांनी माना खाली घातल्या. बरंच पुढे गेल्यावर अमृतरावांनी मागून विचारलं, "मी विश्वास सोडला का गं?"

"मला माहीत नाही, पप्पा. पुढं खड्डा हाय. बाजूनं घ्या."

बालवाडीच्या दारात पोरांची गर्दी झाली. एका मुलीनं चाकाला हात लावून विचारलं, "बाई, तुमी बऱ्या झालाव?"

"नाही," सुवार्ता म्हणाली. "सरका जरा. मला आत येऊ द्या."