वजनसाहेबांची तपासणी

शिड्यांच्या त्या कारखान्यात तपासणीची रीत साधी होती. लॉट तयार झाला की आधी एका शिडीवर वाळूची पोती ठेवायची, मग दुसरीवर तपासनीसाने स्वतः चढायचं. वरच्या पायरीवर उभं राहून अंग जरा घुसळायचं. शिडी उभी राहिली की माल पास. त्यामुळे तपासनीस नेमताना मालकांनी प्रमाणपत्रांपेक्षा पोटाकडे जास्त लक्ष दिलं होतं. कामगार त्यांना तोंडावर वजनसाहेब म्हणत आणि पाठीमागे नुसतंच वजन.

वजनसाहेब माणूस हिशेबी. कोणाला काय लपवायचंय आणि त्यातून आपल्याला काय मिळेल, हे त्यांना शिडीच्या आधी दिसायचं.

या खेपेला मात्र पोत्यांनीच घोळ केला. पायऱ्यांना नवे रिवेट मारलेल्या शिड्यांचा लॉट होता. पोती ठेवल्यावर तिसरी पायरी एका बाजूने खाली आली, अगदी मान मोडल्यासारखी. साहेबांनी रिवेट पक्कडीत धरून दाबला, तर तो मेणासारखा चेपला. त्यांनी सगळ्या ढिगाला नापासाच्या लाल चिठ्ठ्या लावल्या.

तासाभरात प्रॉडक्शनचे मुख्य आले. "काय हो, आज शिमगा का केलाय माझ्या मालाचा?"

"रिवेट मऊ आहेत. माणूस पडेल."

"माणूस शिडीवरून पडतोच. पार्टीचा माणूस उद्या माल बघायला येतोय. लाल रंग त्याच्या डोळ्यांना बरा नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "माल अडकला तर माणसं कमी करावी लागतील. पहिलं नाव तुमच्या मेहुण्याचं. आणि मेहुणा गेला तर त्याची बहीण तुम्हाला जेवायला वाढेल का?"

मेहुण्याला सगळे काडी म्हणत. वजनसाहेबांनीच त्याला पॅकिंगला चिकटवलं होतं. बायकोने महिनाभर धरलेला अबोला त्या नोकरीने सुटला होता. साहेबांनी हिशेब केला आणि चिठ्ठ्या काढून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी पार्टीचा माणूस आला. चहा घेतला, ढिगाभोवती फिरला आणि ढिगाच्या पोटातून एक शिडी ओढून म्हणाला, "तुमच्याकडे तपासनीस चढून दाखवतात म्हणे. चला, हिच्यावर."

साहेबांनी चढून दाखवायला म्हणून जुन्या, पक्क्या रिवेटांच्या शिड्या ढिगाच्या वरच्या बाजूला ठेवल्या होत्या. ही शिडी तिथली नव्हती. पण डोकं थांबलं नाही. त्यांनी गुडघ्याला हात लावला.

"आज गुडघा धरलाय हो. ए काडी, इकडे ये!"

काडी धावत आला. पाहुण्यांसमोर त्याला कोणी काही काम सांगितल्याची ही पहिलीच वेळ.

"हा?" पार्टीचा माणूस हसला. "याचं वजन तर शिडीला कळणारसुद्धा नाही."

"माणूस तो माणूस," मुख्य म्हणाले. "बाहेर जेवण लागलंय."

काडी मोठ्या ऐटीत चढला. तिसऱ्या पायरीवर 'टक्' असा बारीक आवाज झाला. त्याने खाली पाहिलं. शिडीचा पाय धरायला उभे असलेले दाजी केव्हाच मागे सरकले होते. चांगले दूर, पडणारा माणूस अंगावर येणार नाही इतके. त्यांचे दोन्ही हात खिशात होते, आणि नजर काडीवर नव्हती, पायरीवर होती.

शिडी टिकली. सही झाली. टाळ्या वाजल्या. काडी उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर ऐट नव्हती.

आठवड्याने काडी कायम झाला. खूश झालेल्या मुख्यांनी त्याला त्याच लॉटमधली एक शिडी भेट दिली. ती खांद्यावर टाकून तो संध्याकाळी थेट बहिणीच्या दारात आला.

"ताई, तुझ्यासाठी. तुझा जिन्यातला दिवा कधीचा गेलाय ना?"

बहिणीला काय करू नि काय नको असं झालं. "बघा हो, माझ्या भावाने! चढ रे, लाव तूच."

"छे! मी चढून काय उपयोग? माझं वजन कुठे मोजतं कोण?" काडीने शिडी जिन्याखाली नीट उघडून ठेवली, खालचे पाय चाचपले आणि बाजूला झाला. "दाजी चढले की खरी तपासणी."

"माझा गुडघा..." साहेब म्हणाले.

"सकाळी तर गिरणीतून दळण घेऊन तरातरा आलात," बायको म्हणाली. "माझ्या भावाने आणलंय म्हणून नखरे का?"

आता न चढणं म्हणजे मालाचं खरं बोलून टाकणं होतं. साहेब दिवा हातात घेऊन चढले. पहिली पायरी. दुसरी. काडी मागे सरकला, चांगला दूर, आणि त्याने दोन्ही हात खिशात घातले.

"अरे, धर ना!" बहीण म्हणाली.

"कशाला? दाजींनी स्वतः पास केलाय माल."

"मेली तुमची थट्टा!" तिने पदर खोचला आणि स्वतःच पुढे येऊन शिडी धरली. साहेबांच्या बरोबर खाली. तिचं वाकलेलं डोकं त्यांच्या गुडघ्याला टेकत होतं.

काडीचा चेहरा उतरला. हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

"ताई, तू बाजूला हो."

"का रे?"

काडीने वर पाहिलं. "सांगा ना दाजी, तिने का बाजूला व्हायचं ते."

साहेब थांबले. तिसरी पायरी समोर होती. खाली बायकोचा भांग, त्यापलीकडे खिशात हात घातलेला मेहुणा. एवढं एक वाक्य बोललं की उतरता येणार होतं. त्यांनी थोडा विचार केला; सवयीप्रमाणे कोणाचं काय जाईल आणि आपल्याला काय मिळेल, तो.

"नीट धर गं," ते बायकोला म्हणाले, आणि तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला.

टक्.

काडी धावला. बहिणीला कोपराने ढकलून त्याने शिडी दोन्ही हातांनी धरली, वाकलेल्या पायरीखाली खांदा दिला आणि दात आवळून उभा राहिला. वजनसाहेबांचं सगळं वजन त्याच्या काडीसारख्या खांद्यावर आलं.

वर साहेबांनी सावकाश दिवा बसवला. घाई नव्हती. माल पास झाला होता.