आंगनमधली जागा

आंगनमध्ये जागा मिळाली तर मैत्रेयीच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी पाहू. मागल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सोडवलेल्या. हजेरी कमी पडली तर मॅडमकडे शब्द टाकणारी एखादी सीनियर. कँटीनमधलं खिडकीजवळचं टेबल, जिथे भलतं कुणी बसलंच तर त्यानं आपण होऊन उठायचं असतं. उन्हाळ्यात गुडगावला इंटर्नशिप, कारण तिथल्या दोन-तीन कंपन्यांत जुन्या आंगनवाल्या बसल्या होत्या आणि त्या आपल्या मुलींनाच आधी बोलावतात अशी बोलवा होती. शेवटचं, म्हणजे खरं तर पहिलं, असं की कॉलेजात चालताना लोक तिला तिच्या नावानं हाक मारणार होते. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत ती जन्मापासून ‘सबनीस साहब की बेटी’ होती. या ओळखीनं भाजीवाला कोथिंबीर फुकट देतो. त्यापलीकडे तिचा उपयोग नाही.

घ्यायची बाजू इतकी भरगच्च होती की द्यायची बाजू विचारायचं तिला सुचलंच नाही. अशा ठिकाणी शिरताना कुणालाच सुचत नाही.

आंगन हा लखनौच्या त्या खाजगी कॉलेजातला मुलींचा एक गट. कॉलेजच्या कुठल्या कागदावर त्याचं नाव नव्हतं, पण वार्षिक महोत्सवापासून निरोप समारंभापर्यंत त्यांच्याशिवाय पान हलत नसे. दर हिवाळ्याच्या तोंडावर पहिल्या वर्षाच्या मूठभर मुली निवडल्या जायच्या. आधी चहाला बोलावणं यायचं, मग दुसऱ्यांदा चहाला. दुसऱ्या चहाचं बोलावणं आलं की मुली आरशात जास्त वेळ उभ्या राहायच्या.

मैत्रेयीला दोन्ही बोलावणी आली. तिच्या जिवलग मैत्रिणीला, अपूर्वालाही आली.

अपूर्वा अलीगंजची. तिचे वडील बँकेत, मैत्रेयीचे वडील निरंजन सबनीस रेल्वेच्या संशोधनात. दोघींच्या आया लखनौत आल्यावर एकमेकींना सापडल्या आणि मग त्यांनी एकमेकींना सोडलं नाही. मैत्रेयीची आई सरोज आणि अपूर्वाची पद्मिनी रोज फोनवर मराठीत बोलत. मुली ते ऐकत वाढल्या आणि उत्तरं हिंदीत देत राहिल्या. मैत्रेयी आलमबागहून मेट्रोनं यायची, बादशाहनगरला उतरली की खाली अपूर्वा स्कूटी घेऊन उभी. पुढचा रस्ता दोघींचा.

“एक को लिया और दूसरी को नहीं, तो?” दुसऱ्या चहाच्या दिवशी हेल्मेटमधून अपूर्वानं विचारलं.

“तो दूसरी भी नहीं जाएगी. और क्या?”

“सोच ले. नंतर रडू नकोस, यार.” एवढं वाक्य मराठीत आलं, म्हणजे ते मनापासून होतं.

“तू पहले सामने देख. टेम्पो आहे.”

आता सबनीसांच्या घरची एक रीत सांगायला हवी, कारण घोळ तिथेच झाला. या घरात परक्याचं कौतुक करायचं आणि आपल्या माणसाचे दोष सांगायचे. सरोजच्या पुरणपोळीला कुणी छान म्हटलं की ती लगेच म्हणे, “कसली छान, कडा जाड राहिल्यात.” मैत्रेयीला बारावीत चांगले गुण पडले तेव्हा शेजारच्या तिवारी आंटींना ती म्हणाली होती, “पाठ बहुत करती है, समझती कम है.” तिवारी आंटी बिचाऱ्या हादरल्या. आपल्या पोरीबद्दल आई असं बोलते? पण सरोजच्या हिशेबी ते प्रेमच होतं. आपण दोष सांगायचे, समोरच्यानं “अहो, काहीतरीच काय, किती गुणी आहे!” असं खोडून काढायचं. पद्मिनी ते बरोबर खोडायची. पद्मिनी अपूर्वाला नावं ठेवायची तेव्हा सरोज खोडायची. दोघींची वर्षानुवर्षं अशी छान देवाणघेवाण चालली होती. मैत्रेयीनं आईकडून मराठी अर्धंमुर्धं घेतलं, पण ही रीत मात्र पुरती उचलली.

दुसऱ्या चहानंतर एकेकीला आत बोलावलं. शर्मिष्ठा दी मधोमध बसली होती. तिसऱ्या वर्षाची, आंगनमध्ये शब्द तिचा चालायचा. आवाज मऊ, नजर मऊ नाही. बाजूला कांचन दी बिस्किटं मोडत होती. मैत्रेयीच्या आधी स्नेहा नावाची मुलगी आत गेली होती आणि तिचा आवाज दारापर्यंत येत होता. स्नेहा तिच्या रूममेटबद्दल बोलत होती: “दी, हीरा है हीरा! ऐसी लड़की आपको पूरे लखनऊ में नहीं मिलेगी.” रूममेटशी तिची ओळख दीड महिन्याची होती. मैत्रेयीला हसू आलं. किती ते चढवून बोलायचं!

मग तिची पाळी आली.

“तुम तो हमें पसंद हो,” शर्मिष्ठा दी म्हणाली. “अपूर्वा को बचपन से जानती हो ना? कैसी है?”

मैत्रेयी सैलावली. हा तर घरचाच विषय.

“ठीक है दी. ज़िद्दी है थोड़ी. काम हाथ में ले ले तो किसी की सुनती नहीं. टाइम पर तो कभी आती ही नहीं.”

आणि ती थांबली. आता कुणीतरी खोडून काढणार, “अरे, हमें तो बड़ी अच्छी लगी” असं म्हणणार, मग ती सांगणार होती की सेमिस्टरच्या सुरुवातीलाच आपल्याला डेंग्यू झाला तेव्हा हीच जिद्दी मुलगी रोज अलीगंजहून मानक नगरला येऊन शिकवून जायची. ते वाक्य तोंडाशी तयार होतं.

“अच्छा,” शर्मिष्ठा दी म्हणाली. “थैंक यू, मैत्रेयी. अगली को भेज दो.”

दोन दिवसांनी नावं कळली. मैत्रेयी होती. स्नेहा होती, तिचा हिरा होता. अपूर्वा नव्हती.

मैत्रेयीनं कांचन दीला जिन्यात गाठलं. “दी, अपूर्वा का क्या हुआ?”

“हमसे पूछ रही हो?” कांचनला खरंच नवल वाटलं. “तुमने ही तो मना किया.”

“मैंने कब मना किया?”

“जो साथ में बड़ी हुई, वही कह दे कि ठीक है, ज़िद्दी है, सुनती नहीं, तो फिर बचा क्या? हमारे यहाँ एक की ना काफ़ी होती है. सबको पता है.”

“मुझे नहीं पता था.”

“पूछा था?”

नव्हतं विचारलं.

“दी, मेरा मतलब वो नहीं था. हमारे घर में ऐसे ही बोलते हैं, अपनों के लिए.”

कांचन बरी मुलगी होती. ती म्हणाली, “तो जाओ, बोल दो. शर्मिष्ठा कँटीन में है, आज शाम तक सब बदल सकता है. बस इतना समझ लो, वो पूछेगी कि उस दिन झूठ बोला था या आज. और बात पलटने वाली लड़कियाँ उसे पसंद नहीं.”

इथपर्यंत मैत्रेयीचा दोष काढायचाच तर अर्धाच निघतो. बाकीचा घरच्या रितीच्या माथी मारता येईल. पुढे जे झालं त्यात मात्र रितीचा काही संबंध नाही.

ती कँटीनमध्ये गेली. खिडकीजवळच्या टेबलावर शर्मिष्ठा दीनं तिच्यासाठी खुर्ची ओढली. जवळच्या टेबलावरच्या मुली वळून बघू लागल्या. “आओ मैत्रेयी,” दी मोठ्यानं म्हणाली. नावानं. “तुम्हारा ही ज़िक्र हो रहा था. गर्मियों के लिए एक नाम भेजना है गुड़गाँव, मैंने तुम्हारा सोचा है. कुछ कहना था?”

मैत्रेयीनं समोर ठेवलेल्या समोशाचं टोक तोडलं.

“नहीं दी,” ती म्हणाली. “बस, थैंक यू कहना था.”

अपूर्वानं बातमी हसत घेतली, निदान तसं दाखवलं. ठरल्याप्रमाणे आपणही जाणार नाही, असं मैत्रेयी अर्ध्या आवाजात म्हणाली. म्हणताना अपूर्वा काय उत्तर देईल हे तिला माहीत होतं. अपूर्वानं तेच दिलं. “पागल है क्या? तू जा. निदान पेपर तरी मिळतील मला.”

मग संध्याकाळी आंगनच्या झाल्या. बैठका, तालमी, कुणाच्या वाढदिवसाचे फुगे फुगवणं, शर्मिष्ठा दीच्या असाइनमेंटला चित्रं काढून देणं. द्यायची बाजू हळूहळू दिसू लागली. पेपर बाहेर द्यायचे नाहीत असा नियम निघाला, तोही मैत्रेयीनं पाळला. अपूर्वा मात्र सकाळी बादशाहनगरला उभी असायची. पहिल्यापेक्षा वेळेवर.

डिसेंबरातल्या धुक्यात एकदा तिनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

“एक बात बता. तुझसे मेरे बारे में पूछा था क्या?”

मैत्रेयीच्या मनात सगळं तयार होतं: घरची बोलण्याची पद्धत, डेंग्यू, कांचन दी, तोंडाशी राहिलेलं वाक्य. एवढं सांगितलं असतं तर अपूर्वा भडकली असती, आठवडाभर बोलली नसती आणि मग आईच्या बोलण्याची नक्कल करून दोघी हसल्या असत्या. पण सांगायचं तर कँटीनमधलंही सांगावं लागलं असतं. त्यामागे घरची कुठली पद्धत नव्हती.

“नहीं तो,” ती म्हणाली. “सब उन्होंने ही तय किया.”

अपूर्वानं मान हलवली. मग म्हणाली, “स्नेहा ने बताया था मुझे. उसी हफ़्ते. बाहेर येऊन ती दारापाशीच उभी होती.”

“अपू...”

“मला वाटलं, तू सांगशील. रोज वाटायचं, आज सांगेल. इसलिए आती थी.” तिनं किल्ली फिरवली. “चल, बैठ. उशीर होतोय.”

कॉलेजच्या दारात मैत्रेयी उतरली. अपूर्वा तिला ‘बाय’ म्हणाली, नीट, सभ्यपणे, एखाद्या ओळखीच्या मुलीला म्हणावं तसं. दुसऱ्या दिवसापासून मैत्रेयी बादशाहनगरहून ई-रिक्षानं जाऊ लागली.

आता या जागेची किंमत कुणी किती भरली ते. शर्मिष्ठा दीनं काहीच नाही. तिच्या हातून त्या वर्षी कितीतरी मुली राहिल्या, त्यांची नावंही तिला आठवत नसतील. गुडगावला अखेर स्नेहाचं नाव गेलं. मैत्रेयीबद्दल शर्मिष्ठा दी कांचनला म्हणाली होती, “जो अपनी सहेली की न हुई, वो हमारी क्या होगी?” कांचननं ते मैत्रेयीच्या कानावर घातलं, सावध करायला. तरी खुर्ची, टेबल, हाका मारणारे लोक, हे सगळं मैत्रेयीकडे राहिलं. अपूर्वानं बरंच भरलं, पण ती भरून मोकळी झाली. आता ती तिच्या वर्गातल्या दोघीतिघींबरोबर डबा खाते आणि हसताना खरी हसते.

सगळ्यात जास्त भरलं ते सरोजनं, जिनं यातलं काही घेतलंच नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं पद्मिनीला फोन केला. पद्मिनी फार गोड बोलली. यंदा जमायचं नाही म्हणाली, थंडी फार आहे. सरोज म्हणाली, “अहो या हो, तिळाच्या वड्या माझ्या दगडासारख्या झाल्यात, पण या.” पलीकडून कुणी ते खोडून काढलं नाही. फोन ठेवल्यावर तिनं मैत्रेयीला विचारलं, “काय गं, तुमचं काही झालंय का? पद्मिनी अशी परक्यासारखी का बोलली?”

“कुछ नहीं आई,” मैत्रेयी म्हणाली. “बिज़ी होंगी.”

सरोजनं ते खरं मानलं. पुढचे कितीतरी दिवस दुपारी ती फोन हातात घ्यायची आणि एवढ्या मोठ्या लखनौत मराठीत बोलायला दुसरं कोण आहे, ते शोधत बसायची.