ओढ्यापलीकडची प्रेतं

सकाळची लढाई आम्ही हरलो, हे सेनापती देइनियास सोडून सगळ्यांना कळलं होतं. माझा धाकटा भाऊ स्मिक्रोस ओढ्यापलीकडे, शत्रूच्या ताब्यातल्या रानात मरून पडला होता. प्रेतं हवी असतील तर दूत पाठवून मागायची, आणि जो मागेल तो हरला, असा आम्हा ग्रीकांचा नियम. म्हणून देइनियास मागत नव्हता.

"आपण हरलो नाही, मागे सरकलो," तो म्हणाला. "उद्या जिंकू, मग उचलू."

"तोवर कुत्री थांबतील? विचारलंत त्यांना?"

त्याच्या पदरचा तत्त्ववेत्ता फेदिमोस सावलीत ऑलिव्ह खात बसला होता. "अरे मोलोन, आत्मा गेला. उरलं ते रिकामं पोतं. पोत्यासाठी कुणी शहराची अब्रू घालवतं का?"

"मग सेनापतींचा घोडा मघाशी का पुरलात, गुरुजी? त्याचं पोतं भरलेलं होतं?"

शिपाई हसले. फेदिमोसने बी थुंकली. "घोड्याची गोष्ट वेगळी."

खरंच वेगळी होती. घोड्याला माती मिळाली होती. न पुरलेल्या माणसाला पाताळातही थारा नसतो.

मी आमच्या सैन्याच्या दूताकडे पाहिलं. "हुकूम नाही," तो खाली बघत म्हणाला. मी ढाल-भाला खाली ठेवला, दूताची खूण म्हणून ऑलिव्हची एक फांदी मोडली आणि ओढ्यात उतरलो. मागून देइनियास ओरडत होता.

पलीकडच्या पहारेकऱ्याने विचारलं, "कुणी पाठवलं रे?"

"सेनापती देइनियासने. आमची प्रेतं द्या."

"म्हणजे हरलात?"

"हरलो."

त्यांनी असा जल्लोष केला की आमच्या काठाला सगळं कळलं. एकेक शिपाई ढाल टाकून पाण्यात उतरू लागला. देइनियास कुणाकुणाला अडवणार?

स्मिक्रोसचा चेहरा सुजून गेला होता. पायाच्या वाकड्या बोटावरून मी त्याला ओळखलं. खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला, तेव्हा फेदिमोस सेनापतीला समजावत होता, "पराभव मान्य करायला खरं धैर्य लागतं. दूत तुम्हीच पाठवलात, असं मी शहरात सांगेन." आणि देइनियास गंभीरपणे मान डोलवत होता.

"गुरुजी, जड झालाय. जरा पाय धरा."

फेदिमोसने नाकाला वस्त्र लावलं. "माझी पाठ धरलीय."

शेवटी दूतानेच पाय धरले.