पुट्टीखालचा नंबर

त्या सकाळी आमच्या गल्लीत कुणी घरात बसून चहा प्यायला नाही. सगळे आपापले कप घेऊन बाहेर उभे होते. हेमराजची फियाट आज स्वतःच्या चाकांवर गल्लीबाहेर पडणार होती.

हेमराजचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतावरच्या पंपाची मोटार जळली की लोक त्याच्याकडे आणतात आणि तो जळकी तार काढून नवी गुंडाळून देतो. सहा वर्षांपूर्वी अशाच एका कामासाठी तो मलाजखंडला गेला होता. तिथे एका निवृत्त इंजिनियरच्या अंगणात त्याला ही फियाट दिसली. टायर मातीत रुतलेले, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. हेमराज मोटारीचं काम विसरला. दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन गेला आणि गाडी त्यावर चढवून घरी आणली. कोंबडी तेवढी इंजिनियरसाहेबांनी ठेवून घेतली.

जुन्या गाडीचं वेड ज्याला लागतं त्याचे रविवार आधी जातात, मग सणवार. हेमराजच्या घरची पचमढीची सहल गिअरबॉक्समध्ये गेली. मागची सीट दुरुस्त करून त्याने बैठकीच्या खोलीत ठेवली आणि चार वर्षं पाहुणे त्या सीटवर बसून पोहे खात होते. मागच्या महिन्यात सीट गाडीत परत गेली, तेव्हा त्याची बायको मंजू आम्हाला म्हणाली, "आमचा सोफा आता फिरायले जाईन. आमी घरीच राहू, सतरंजीवर."

पण गाडी झाली होती बघण्यासारखी. गडद निळा रंग, त्यात समोरच्या घरांची कौलं दिसायची. बॉनेट उघडलं की आत तोच निळा रंग, तितकाच गुळगुळीत. आतला पत्रा कुणी बघत नाही, पण हेमराजने त्यावरही उन्हाळाभर हात फिरवला होता. पत्र्यावरचा प्रत्येक खड्डा त्याने आधी ग्राइंडरने घासला, मग पुट्टी भरली, मग पाणी लावून पॉलिशपेपर मारला, मग रंग.

"जातो मंग, गुरुजी," तो मला म्हणाला. "तुमी येता का? माघं जागा हाये."

मी तयारच होतो. त्याची मुलगी पौर्णिमा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची, पुढे बसली, कारण कागदपत्रांची पिशवी तिच्याकडे होती. मंजू माझ्याशेजारी मागे बसली.

"मी नाई येत म्हणलं होतं," ती म्हणाली, "पण रस्त्यात बंद पडली तं ढकलायले माणूस लागते न."

हेमराजने चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिनाने एकदा नकार दिला, दुसऱ्यांदा विचार केला आणि तिसऱ्यांदा असं काही सुरू झालं की गल्लीतल्या पोरांनी उड्या मारल्या. फियाटीत गिअरची दांडी स्टेअरिंगजवळ असते. हेमराजने ती अलगद वर ओढली आणि आम्ही निघालो. काली पुतली चौकात एक ट्रकवाला हात दाखवून थांबला आणि त्याने आम्हाला पुढे जाऊ दिलं. बालाघाटात ट्रकवाला कुणासाठी थांबत नाही. हेमराज ताठ बसला होता. समोरच्या आरशात मला त्याचे फक्त दात दिसत होते.

आम्ही आरटीओत निघालो होतो. गाडी ठरावीक वर्षांची झाली की तिची नोंदणी संपते. मग ती तपासणीला न्यावी लागते आणि पास झाली तर पुढच्या पाच वर्षांचे कागद मिळतात. नाही झाली तर ती रस्त्यावर येऊ शकत नाही, आणि जी गाडी रस्त्यावर येऊ शकत नाही तिला भंगारवालाच घेतो. या गाडीची मुदत संपून गेली होती. हेमराजने दंड भरून आजची तारीख घेतली होती.

तपासणीला एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले, हॉर्न वाजवायला लावला. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "बहुत सुंदर बनाई है." हेमराज लाजला. मग त्यांनी पेन्सिल आणि पातळ कागदाची एक पट्टी काढली. "चेसिस नंबर?"

प्रत्येक गाडीच्या पत्र्यावर कारखान्यात एक नंबर ठोकलेला असतो. माणसाच्या अंगठ्याचा जसा ठसा, तसा गाडीचा हा नंबर. तपासणारे त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, छाप उमटतो आणि तो जुन्या कागदपत्रांशी जुळवून बघतात. फियाटीचा नंबर बॉनेटच्या आत, इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर असतो.

हेमराजने बॉनेट उघडलं. मॅडम वाकल्या. बोटाने पत्रा चाचपला. मग डावीकडून, मग उजवीकडून बघितलं.

"नंबर कहाँ है?"

हेमराज वाकला, आणि वाकलेलाच राहिला. त्या जागी निळा, गुळगुळीत, आरशासारखा पत्रा होता.

"बाबूजी," पौर्णिमा हळूच म्हणाली, "तुमी पुट्टी भरली का त्याच्यात?"

"मले वाटलं गंजाचे खड्डे हायेत," हेमराज म्हणाला. "बारीक बारीक खड्डे होते, एका लायनीत."

"एका लायनीत गंज येते का, बापा," मंजू म्हणाली.

मॅडमनी कागदाची पट्टी खिशात घातली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, नंबर दिसल्याशिवाय सही करता येणार नाही. दिसला तर ऑफिस बंद होईपर्यंत त्या इथेच आहेत. "और ध्यान रखिए, नंबर के साथ छेड़छाड़ हुई तो गाड़ी ज़ब्त होगी." एवढं बोलून त्या पुढच्या ट्रॅक्टरकडे गेल्या.

गाडी आम्ही फाटकाबाहेर कडुलिंबाच्या सावलीत लावली. हेमराज फूटपाथवर बसला.

"पुट्टी काढू न," पौर्णिमा म्हणाली. "खाली नंबर असनच."

"असन का नाई, तेच तं मले मालूम नाई." त्याने दोन्ही तळवे चोळले. "पुट्टीच्या आधी मी ग्राइंडर मारला होता. किती मारला, आठवून नाई राह्यलं. खड्डे जाईपर्यंत मारला असन तं नंबरच गेला. मंग खाली कोरा पत्रा निघन, आन ते मॅडम पायतीन."

तिथे पियुष नावाचा एजंट उभा होता. फाटकाबाहेर लोकांचे फॉर्म भरून देणं हा त्याचा धंदा. हसतमुख मुलगा, सगळं ऐकत होता.

"काका, टेन्शन काहून घेऊन राह्यले? नंबर तं कागदावर हाये न तुमच्याजवळ. माह्या ओळखीचा माणूस हाये, आकडे ठोकाचा पंच घेऊन येते. ठक ठक ठक, दहा मिनटात नवा नंबर. तोच नंबर, फक्त ताजा."

हेमराजने वर बघितलं. मला त्याचा चेहरा आठवतो. बुडणाऱ्याला काठ दिसावा तसा.

"तोच नंबर हाये, गुरुजी," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "खोटा थोडीच हाये."

मी उत्तर देण्याआधी पौर्णिमा बोलली. "बाबूजी, तुमी हिचं एक एक नटबोल्ट जुनंच शोधून लावलं. दाराच्या एका मुठीसाठी नागपूरले तीनदा गेलते. नवी मूठ भेटत होती, नाई घेतली. आन आता नंबर नवा ठोकता?"

"मुठीनं गाडी भंगारात नाई जात, बाई."

"खाली नंबर नसन तं नसन. पण ठोकला तं मंग ही ते गाडीच नाई राह्यत. कोणतीही निळी गाडी."

मंजूने पदर खोचला आणि पियुषकडे वळली. "भाऊ, ते पंचवाला राहू दे. रंग काढाचं औषध कुठं भेटते, ते सांग."

पियुष हसला. "हार्डवेअरच्या दुकानात, काकू. बसा माह्या गाडीवर माघं."

ती गेली आणि डबा, ब्रश, रबरी हातमोजे घेऊन परत आली. आता ते औषध लावायचं कुणी? हेमराजने ब्रश हातात घेतला, बॉनेटखाली गेला आणि थांबला. उन्हाळाभराचं काम होतं ते. ज्या पत्र्यावर बोट ठेवलं तरी तो फडक्याने पुसायचा, त्यावर स्वतःच्या हाताने हे औषध फासायचं.

"लावता का मी लावू?" मंजू म्हणाली.

"लावतो."

त्याने लावलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग निळा रंग हलला. तापलेल्या दुधावर साय सुरकुतते तसा तो सुरकुतला आणि उचलून आला. पौर्णिमाने आइस्क्रीमच्या काडीने तो अलगद बाजूला केला. लोखंडाचं काही वापरायचं नाही, हे तिने आधीच बजावलं होतं. एक ओरखडा पडला तरी मॅडम त्याला छेडछाड म्हणतील. रंगाखाली पुट्टी निघाली, फिकट पिवळी. तिच्यावर पुन्हा औषध, पुन्हा थांबणं.

थांबणं हेच मुख्य काम होतं. हेमराजला ते जमेना. तो दर मिनिटाला वाकायचा आणि मंजू त्याचा शर्ट धरून मागे ओढायची. ट्रॅक्टरवाला आला, दोन ऑटोवाले आले, उकव्याचा एक बस ड्रायव्हर आपले कागद सोडून आमच्यात उभा राहिला. "मेरे मामा के पास थी ऐसी," तो म्हणाला आणि मग त्या मामाची सगळी गोष्ट सांगितली. कुणी ऐकत नव्हतं. सगळे पत्र्याकडे बघत होते.

मग पौर्णिमाने काडीने पुट्टीचा एक पापुद्रा उचलला आणि खाली काळपट पत्र्यावर एक फिकट वळण दिसलं.

"थांबा," ती म्हणाली.

तिने कपडा फिरवला. सपाट पत्र्यावरची पुट्टी निघून गेली होती, पण ठोकलेल्या खाचेत ती अजून भरून होती. काळ्या पत्र्यावर पिवळा आकडा, पाटीवर खडूने लिहावा तसा. सात.

"सात हाये," हेमराज म्हणाला. मग मोठ्याने, "सात हाये, गुरुजी."

बस ड्रायव्हरने टाळी वाजवली. त्यानंतर आकडे एकामागून एक येऊ लागले. प्रत्येक आकड्याचं नाव गर्दी मोठ्याने घ्यायची आणि पौर्णिमा कागदपत्रात बघून मान हलवायची. चार. नऊ. पुन्हा चार. गंमत अशी की ज्या पुट्टीने नंबर लपवला होता, तीच तो आम्हाला वाचून दाखवत होती. हेमराज हसत होता आणि त्याच्या कपाळावरून निळा घाम वाहत होता.

पण छाप हवा असेल तर खाचा रिकाम्या पाहिजेत. भरलेल्या खाचेवर पेन्सिल फिरवली तर काही उमटत नाही. मंजूने हातातल्या बांगडीला लावलेली सेफ्टी पिन काढली.

"लोखंड नाई लावायचं," पौर्णिमा म्हणाली.

"पत्र्याले नाई लावत, वं. पुट्टीलेच लावते." आणि ती बॉनेटखाली वाकली. सहा वर्षांत त्या बॉनेटखाली ती पहिल्यांदाच वाकत होती. एक एक आकडा तिने कान कोरावा तसा कोरून काढला. हेमराज शेजारी मोबाइलचा उजेड धरून उभा होता.

शेवटचा आकडा मात्र उथळ निघाला. ग्राइंडर तिथे खरोखरच चालला होता. पुट्टी काढल्यावर डोळ्यांना काही दिसेना. तीन असावा, आठ असावा, किंवा काहीच नसावं. कागदपत्रात तीन होता.

पियुष आत जाऊन मॅडमना घेऊन आला. गर्दी बाजूला झाली. त्यांनी पट्टी पत्र्यावर ठेवून पेन्सिल घासली. सगळे आकडे नीट उमटले आणि शेवटच्या जागी नुसता काळा डाग. त्यांनी मान हलवली.

"मॅडम, एक बार और," पौर्णिमा म्हणाली. "बहुत हल्के से."

लहान मुलं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, ते तुम्ही बघितलं असेल. जोर लावला की कागद खाचेत दबतो, खाच आणि पत्रा दोन्ही काळे होतात आणि नाणं दिसत नाही. हात हलका ठेवला तर शिसं फक्त उंच जागी लागतं आणि खोल जागा पांढरी राहते. मॅडमनी नवी पट्टी घेतली. पेन्सिल आडवी धरली आणि नुसती टेकवून फिरवली, पत्र्याला गुदगुल्या कराव्यात तशी. हेमराजने डोळे मिटले होते.

करड्या रंगात एक पांढरी रेघ दिसली. वरचं अर्धं वळण. मग खालचं. दोन्ही वळणं डावीकडे उघडी होती.

"तीन," मॅडम म्हणाल्या. पट्टी कागदपत्राशेजारी धरून त्यांनी दोनदा बघितली. मग फॉर्मवर ती चिकटवली आणि सही केली. "पाँच साल. और भैया, इस जगह अब पुट्टी मत भरना."

कुणीतरी हेमराजची पाठ थोपटली. पियुष चहा सांगायला धावला. हेमराज बॉनेटखाली बघत होता. आरशासारख्या निळ्या पत्र्याच्या मधोमध पंजाएवढा काळपट चट्टा पडला होता, कडेला रंग सुरकुतलेला.

"गंज लागन त्याले," तो म्हणाला.

"ग्रीस लावू," पौर्णिमा म्हणाली.

त्याने चट्ट्यावरून अंगठा फिरवला, आकडा न् आकडा चाचपत. मग बॉनेट लावलं. मंजू पुढचं दार उघडून बसली होती. पौर्णिमा माझ्याशेजारी मागे आली.

"घरी?" हेमराजने विचारलं.

"घरी काय हाये, सतरंजी?" मंजू म्हणाली. "उकव्याच्या घाटात न्या. कशी चढते ते पाहू."

"आत्ता? गुरुजीले आधी सोडावं लागन."

मी माझ्या बाजूचं दार ओढून घट्ट लावून घेतलं.