समोरची रिकामी खाच

मित्रांनो, मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. म्हणजे प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारे यंत्र. फिरवले की रक्ताचा लाल भाग तळाशी बसतो, वर पिवळसर पाणी उरते आणि तपासणी त्या पाण्याची होते. एवढेच माझे काम. त्यात सांगण्यासारखे काही आहे की नाही, याची मला खात्री नाही.

मी नवा होतो तेव्हा माझे फार कौतुक होई. "चालू आहे का बंद, हात लावूनच कळतं," असे सगळे म्हणत. पुढे माझ्या पायांचे रबर झिजले. ते कोणी बदलले नाही. मी खडखडू लागलो, तशी थट्टा सुरू झाली. "म्हातारबा कुरकुरले," म्हणत प्रयोगशाळेतल्या ताई माझ्या झाकणावर थाप मारत.

माझी एक अट असते. एका खाचेत नळी ठेवली, की समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची दुसरी नळी हवी. रक्ताची नसेल तर पाण्याची चालते. नाहीतर माझा तोल जातो.

आज एक तान्हे बाळ आले. अंग पिवळेजर्द. कावीळ मेंदूपर्यंत पोचण्याआधी ती किती चढली आहे, हे डॉक्टरांना कळायला हवे होते. बाळाची शीर सापडता सापडेना. शेवटी टाचेतून कसेबसे थोडे रक्त निघाले. ताई नळी घेऊन धावत आल्या, ती माझ्यात ठेवली आणि झाकण लावले. घाईत समोरची खाच रिकामीच राहिली.

मी थरथरलो, टेबलावर सरकू लागलो. माझ्याजवळ दुसरी भाषा नाही. जिवाच्या आकांताने मी खडखडलो.

"हे जास्तच वाजतंय का हो?" बाळाच्या मावशीने दारातून विचारले.

"त्याचं रोजचंच आहे. बसा तुम्ही, आत्ता होईल."

तेवढ्यात आत काच फुटली.

ताईंनी झाकण उघडले आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

"पुन्हा काढावं लागेल," त्या हळूच म्हणाल्या.

"अहो, आता कुठून काढणार? टोचलं तरी रडत नाहीये ते."

ताई नवी सुई घेऊन बाळाकडे गेल्या.

मित्रांनो, रोज कुरकुरणारा एखाद्या दिवशी जास्त कुरकुरला, तर हातातले काम थांबवून त्याच्याकडे पाहत जा. माझे एवढेच मागणे आहे. मी दाराकडे कान लावून बसलो आहे. टोचून झाले असेल. रडणे मात्र अजून ऐकू येत नाही.