बाजूला ठेवलेला तिसरा

दिशाची सुपारी फोडायची होती, आणि बोरीवलीतल्या त्या दोन खोल्यांत रत्नप्रभाबाईंचा रुबाब मावत नव्हता. नात पवईला संशोधन करते, तिथलाच मुकुल तिने पसंत केला, हेही बाईंनी गिळलं. पण भावकीतला मोठा माणूस बसल्याशिवाय कोकणात सुपारी फुटत नाही, हे मात्र गिळलं नव्हतं. आता भावकीत मोठे उरले होते ते बाईंचे धाकटे दीर सहदेव, घाटकोपरला. वास्तुशांतीला चारचौघांत ते म्हणाले होते, "वयनी, वडे फुगाक नाय." त्या दिवसापासून बाईंपुरते ते गेलेच. मुलाकडच्यांना त्यांनी सांगून टाकलं, "आमच्यात मोठं कोणी उरलं नाही हो."

मुकुलची आई शर्मिष्ठा मुलुंडची, शिकलेली. चहा घेता घेता तिने विचारलं, "दिशा, तुझं काम नेमकं काय गं?"

दिशा खुलली. "व्हायरस आला की पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारणींना सावध करते. मग त्यांच्या आत तीन प्रथिनं एकत्र यायला लागतात. दोघं आधीपासूनच चिकटलेली असतात. पण तिसरं येऊन त्यांना धरत नाही तोवर त्यांची पकड कच्ची. तिघं जमली तरच केंद्रकात जाऊन रक्षणाची जनुकं नीट जागी करतात."

"आणि तिसरं आलंच नाही तर?"

"तेच तर बघतेय. तिसऱ्याला मी मुद्दाम बाजूला ठेवते, मग सगळं कसं अडतं ते—"

बाईंचा कप बशीवर आदळला. प्रथिनं गेली खड्ड्यात, हा टोमणा होता! आणि तोही सख्ख्या नातीचा, पाव्हण्यांदेखत!

"हो, ठेवलंय मुद्दाम बाजूला! काय म्हणणं आहे? माझ्या वड्यांना नावं ठेवणाऱ्याला मी पाट मांडू?"

दिशाचं तोंड उघडंच.

"कोणाला बाजूला ठेवलंय?" मुकुलच्या वडिलांनी, नंदकिशोररावांनी विचारलं. दिशाने खाली मान घालून सांगितलं, "सहदेव आजोबांना. आजोबांचे धाकटे भाऊ."

रावांनी अडकित्ता ताटात ठेवला. "मोठा माणूस हयात असताना डावलून सुपारी? आमच्याकडे हे चालत नाही, बाई. आज राहू दे."

दिशाचे डोळे भरले. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. "भावजी, आहात तसे या."

सहदेव आले ते कडक इस्त्रीत, टोपी घालून. जणू आठवडाभर तसेच बसले होते. टेचात पाटावर बसले, सुपारी फोडली आणि कोणी विचारायच्या आत सांगून मोकळे झाले, "लग्न गावाक होतला. हॉल-बिल काय नको."

बाईंनी बोरीवलीचा हॉल मनातल्या मनात सजवून ठेवला होता. पण पाव्हण्यांनी माना डोलावल्या, आणि दिशा तर मुकुलकडे बघून हसत होती.

बाई साखरेची वाटी घेऊन उठल्या. सर्वांना दिली, शेवटी दिराकडे वळल्या.

"तोंड उघडा भावजी, गोड करते. साखर विरघळेपर्यंत तरी बंद राहील."